चौघांचा अडसर

शनिवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा मुलं आणि इतिहासाचे एक निवृत्त मास्तर जमायचे. खोलीत एक लांब टेबल आणि सात खुर्च्या, त्यांतली एक डुगडुगती. ती मास्तर स्वतःकडे घ्यायचे. मुलांना दिली की ती तासभर डुगडुगण्यापलीकडे काही करत नाहीत, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव.

मास्तरांची पद्धत साधी होती. ऐतिहासिक कादंबरी वाचायला घ्यायची आणि तिच्यातल्या प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करायची. जुन्या कॅलेंडराच्या पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर तीन प्रश्न. याला काय हवं आहे? हा कशाला घाबरतो? आणि हा कोणासाठी वाट्टेल ते करेल? तिन्ही उत्तरं सापडली नाहीत तर तो माणूस आपल्याला कळलाच नाही असं समजायचं आणि पुस्तक पुन्हा उघडायचं.

“राजा असो नाहीतर घोडा धुणारा,” मास्तर म्हणायचे, “सनावळ्या पाठ करून माणूस कळत नाही. तो सकाळी उठला तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते शोधा.”

“पण सर, तो तर कधीच मेला,” मुलं म्हणायची. “त्याला विचारणार कसं?”

“म्हणून तर चिठ्ठी. जिवंत असता तर सरळ जाऊन विचारलं नसतं का?”

मास्तरांनी स्वतः आयुष्यात एकच कादंबरी लिहिली होती, बावीस वर्षांपूर्वी. एका तटबंदीच्या गावाला अकरा आठवडे वेढा पडतो, गाव उपाशीपोटी लढतं, आणि शेवटी गावाचाच द्वारपाल पहाटे दार उघडून शत्रूला आत घेतो, अशी गोष्ट. पुस्तक बऱ्यापैकी गाजलं होतं. आता त्याची नवी आवृत्ती निघायची होती आणि छापखान्याने तपासायला प्रुफं पाठवली होती. मास्तरांनी ती मुलांपुढे टाकली. त्यांचे स्वतःचे डोळे ओळखीच्या वाक्यांवरून घसरून जात. मुलांचे तसे जात नाहीत.

मुलांत बारा वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे प्रश्नपेटी म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई. त्या शनिवारी तिने दोन पानं शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवर एकेक बोट टेकवलं.

“सर, तिसऱ्या प्रकरणात दाराचा अडसर चौघे मिळून लावतात. ‘चार गड्यांनी तो खांद्यावर घेतला तेव्हा चौघांचीही पावलं मातीत रुतली.’ बरोबर?”

“बरोबर.”

“मग सतराव्या प्रकरणात द्वारपाल एकटाच तो कसा काय उचलतो?”

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. बावीस वर्षांत हजारो लोकांनी ते पुस्तक वाचलं होतं आणि हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

“आणि याची चिठ्ठी पण होत नाहीये,” प्रश्नपेटी पुढे म्हणाली. “काय हवं आहे? किल्लेदारी. शत्रूने कबूल केलीय म्हणून. घाबरतो कशाला? लिहिलंच नाहीये. कोणासाठी वाट्टेल ते करेल? कोणीच नाही. त्याला आई नाही, बायको नाही, मित्र नाही. बहीण आहे, तर ती तोंडावर थुंकते. सर, मागच्या पुस्तकातल्या दरोडेखोरालासुद्धा कुत्रा होता.”

सगळी हसली. “याला साधं कुत्रंही नाही दिलं सरांनी,” एकजण म्हणाला.

“सरांचा राग असेल त्याच्यावर,” प्रश्नपेटी सहज म्हणाली आणि पान उलटलं.

मास्तर घरी आले आणि त्यांनी कपाटाच्या तळातून पत्र्याचा एक डबा काढला. कादंबरी लिहिताना त्यांनीही अशाच चिठ्ठ्या केल्या होत्या. एकूण त्रेचाळीस. राजाची होती, राणीची होती, वेढ्यात पाणी वाहणाऱ्या म्हाताऱ्याची होती. तीन ओळींपुरता येऊन मरणाऱ्या न्हाव्याचीसुद्धा होती. द्वारपालाची नव्हती. मास्तरांनी दोनदा डबा पालथा केला. मग आठवलं. हरवली नव्हती, केलीच नव्हती. या माणसाला आपण लहानपणापासून ओळखतो, त्याची चिठ्ठी कशाला करायची, असं तेव्हा वाटलं होतं.

तो माणूस म्हणजे त्यांचा थोरला भाऊ.

मास्तर अकरा वर्षांचे असताना त्यांचे वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर काम करत. फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन त्याची बरणी करणं हे त्यांचं काम, आणि संपात पुढे राहणं हे त्यांचं दुसरं काम. त्या वर्षी कामगारांनी भट्ट्या विझवल्या, कारखान्याचं मोठं दार आतून लावून घेतलं आणि आतच ठिय्या दिला. एकोणीस दिवस. दारावर पहाऱ्याला होता थोरला मुलगा, वय एकोणीस. एकोणिसाव्या पहाटे दार उघडलं, मालकाची माणसं आत घुसली, संप मोडला. आतले लोक धावत आले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि दादा शेजारी उभा होता. संपातले सगळे कामावरून गेले. दादाला मात्र मालकाने त्याच दारावर पहारेकरी म्हणून ठेवून घेतलं. आणखी काय पुरावा हवा?

वडील त्यानंतर सहा वर्षं जगले, दादाच्या पगारावर. त्या सहा वर्षांत ते दादाशी एक अक्षर बोलले नाहीत. जेवताना म्हणायचे, “त्याला सांग, मीठ इकडे दे.” आई मिठाचं भांडं दादाच्या हातून घेऊन वडिलांच्या हातात द्यायची. मध्ये अंतर दीड हाताचं.

मास्तरांनी कादंबरीत तोच माणूस उचलून ठेवला होता. बोलण्याआधी किल्ली बाहीला पुसण्याची त्याची लकब, चालताना खाली पडणारा डावा खांदा, सगळं. परीक्षणांत लोकांनी लिहिलं, द्वारपालाचं पात्र अगदी जिवंत उतरलं आहे. कारखान्यातल्या म्हाताऱ्यांनी तर पहिल्या पानावरच ओळखलं. त्यानंतर दादाने धाकट्याकडे येणं बंद केलं. लग्नकार्यात, मयताला भेटी व्हायच्या तेवढ्याच. अशा वेळी दादा एकच ठरलेला प्रश्न विचारायचा, “तब्येत कशी? ताप-बीप नाही ना?” मास्तर म्हणायचे, “नाही.” मग दोघे दोन कोपऱ्यांत जाऊन बसायचे. दादाला लाज वाटते, असा मास्तरांनी त्याचा अर्थ लावला होता. चार गल्ल्या सोडून दादा राहायचा.

रविवारी मास्तर प्रुफं पिशवीत घालून तिकडे गेले. दार पुतणीने उघडलं.

“काका? आज वाट चुकलात का?”

“थोडं काम होतं. उठलाय का?”

“उठलेत कधीचे. डोळ्यांनी दिसत नाही आता, पण घड्याळ पोटात आहे. पहाटे साडेचारला जागे. कोण दार वाजवणार आहे कोण जाणे.”

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. शहात्तर वर्षांचा, अंगाने निम्मा झालेला. पावलांचा आवाज ऐकून त्याने मान तिरकी केली.

“धाकट्या?”

“हो, दादा.”

“ताप-बीप नाही ना?”

“नाही.”

मास्तरांनी स्टूल ओढून घेतलं. बावीस वर्षांत जे विचारलं नाही ते एकदम कसं विचारायचं? त्यांनी आडवाट धरली. म्हणाले, पुस्तकाची नवी आवृत्ती येते आहे, दाराबद्दल एक शंका आहे, दारातलं तुझ्याइतकं कोणाला कळतं.

“अडसराचं असेल,” दादा म्हणाला.

मास्तरांनी अजून पिशवीही उघडली नव्हती.

“मुली, ते पुस्तक आण गं,” दादाने आत हाक मारली. “वरच्या फळीवरचं. कव्हर घातलेलं.”

पुतणीने पुस्तक आणलं. तपकिरी कागदाचं कव्हर, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं, कोपरे नीट दुमडलेले. मास्तरांनी उघडलं. समासात जागोजागी पेन्सिलीच्या बारीक अक्षरांत नोंदी होत्या. ‘एवढी मोठी किल्ली कमरेला लावून धावता येणार नाही. मांडीला लागते.’ ‘बिजागरीला रोज तेल देत नाहीत. आठवड्यातून एकदा. रोज दिलं तर धूळ चिकटते.’ ‘पहारा बदलताना आधी नवा येतो, मग जुना जातो. इथे उलटं झालं आहे.’ द्वारपालाला जिथे लोभी म्हटलं होतं, घरभेदी म्हटलं होतं, जिथे त्याची स्वतःची बहीण त्याच्या तोंडावर थुंकते, तिथे समास कोरा होता. फक्त दाराच्या चुका दाखवल्या होत्या.

सतराव्या प्रकरणात एक नोंद होती. ‘एकट्याने अडसर उचलत नाही. एकटा माणूस फक्त दिंडी उघडू शकतो.’

दिंडी म्हणजे मोठ्या दाराच्या अंगातच कापलेलं छोटं दार, एका माणसाने वाकून आत यावं एवढं. कारखान्याच्या दाराला ती होती हे मास्तरांना आठवलं. त्यातून ते स्वतः वडिलांचा डबा घेऊन कितीदा आत गेले होते. अडसर चौघांचा असतो हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर तिसऱ्या प्रकरणात त्यांनी ते तसं लिहिलं. दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या आणि कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

“दादा,” ते म्हणाले, “तू दिंडी उघडली होतीस?”

“मग काय डोंगर उचलला? चार माणसांचा अडसर तो. मी तेव्हा काडी पैलवान होतो.”

“कोणासाठी?”

दादा पुतणीला म्हणाला, “चहा टाक जरा. आलं घाल. सावकाश कर.” ती गेल्याचा आवाज त्याने ऐकून घेतला.

“आई आली होती,” तो म्हणाला.

खिडकीखाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“तुला ताप होता. चौथा दिवस. रात्रभर उतरला नाही, तू बडबडत होतास. ती पहाटे चालत आली. म्हणाली, यांना बोलव, मुलगा हातचा जाईल. मी म्हटलं, ते येणार नाहीत. ती म्हणाली, मग मला आत सोड, मी घेऊन येते. दार उघडायचं नाही असा नियम होता, मला माहीत होतं. पण आई बाहेर थंडीत उभी. मी दिंडी एवढीशी उघडली.” त्याने हाताने वीतभर अंतर दाखवलं. “ते लोक भिंतीला चिकटून बसले होते. किती दिवस तसे बसत होते, देव जाणे. आईला ढकलून आत आले. ती कोपरावर पडली. मग त्यांच्यातल्याच पाच-सहा जणांनी मोठं दार उघडलं. मी तिला उठवत होतो. म्हटलं, तू आधी घरी जा, धाकट्याजवळ कोणी नाही.”

मास्तरांना कोपर आठवलं. कपाळावर ओली पट्टी ठेवणारा हात, आणि त्याच्या कोपराला बांधलेली चिंधी. आई म्हणाली होती, नळावर पाय घसरला. अकराव्या वर्षी आईचं ऐकून घेतलं, त्याला दोष नाही. पण नंतर ते इतिहासाचे मास्तर झाले होते. दोन कागद शेजारी ठेवून तारखा जुळवायला त्यांनी हजारो मुलांना शिकवलं होतं. आपला ताप आणि ती पहाट यांची तारीख त्यांनी कधी जुळवून पाहिली नाही.

“बाबांना का नाही सांगितलंस?”

“आईने नको म्हटलं. म्हणाली, त्यांना कळलं तर ते माझ्याशीही बोलायचे थांबतील. आणि थांबलेच असते, तुला माहीत आहे. घरात मीठ द्यायला तरी कोणी हवं ना.”

“आणि मालकाने तुला ठेवून घेतलं…”

“मालकाला वाटलं मी त्याच्यासाठी उघडलं. कामगारांनाही तसंच वाटलं. बाबांनाही. सगळ्यांचं एकमत झालं होतं, मी एकट्यानेच कशाला मोडायचं?” दादा जरासा हसला. “शिवाय घरात चार तोंडं होती. तुझी शाळा होती.”

“बाबा गेल्यावर? मला तरी सांगायचं.”

“आईला विचारलं होतं एकदा. म्हणाली, आता कशाला. त्याला वाटेल त्याच्या तापामुळे झालं.”

मास्तरांनी पुस्तक मिटलं. पहिल्या पानावर काय छापलं आहे ते त्यांना न बघता ठाऊक होतं. ‘आईस.’ पुस्तक निघालं त्याच्या आदल्या वर्षी आई गेली होती.

जणू त्यांच्या मनातलं ऐकू आल्यासारखा दादा म्हणाला, “पुस्तक हातात आलं तेव्हा आधी आईचं नाव दिसलं. म्हटलं, धाकट्याने आईला दिलंय म्हणजे चांगलंच असणार. मी तेव्हाच कव्हर घातलं.” तो थांबला. “मग वाचलं.”

“दादा, तू यायचं होतंस. मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास.”

“मी वाट बघितली. म्हटलं, मास्तर माणूस आहे, अडसराची चूक आज ना उद्या लक्षात येईल. आली की विचारायला येईलच.” त्याने बाहीच्या टोकाने खुर्चीचा हात पुसला, कधी काळी किल्ली पुसायचा तसा. “डोळे होते तोवर बघायचो, खालून कोण चाललंय.”

मास्तरांना वर्गातलं स्वतःचंच वाक्य आठवलं. जिवंत असता तर सरळ जाऊन विचारलं नसतं का? किती वर्षं म्हणत होते ते, मुलांकडे बघून, हसत.

“मी ते प्रकरण सगळं नव्याने लिहितो,” ते म्हणाले. “जसं झालं तसं. तुला वाचून दाखवतो.”

“आईचं काही लिहायचं नाही.”

“नाव बदलतो. बहीण करतो, शेजारीण करतो.”

“कारखान्यातले चार म्हातारे अजून आहेत. मला ओळखलं, तिला ओळखायला किती वेळ लागणार? तिने नको म्हटलं होतं, धाकट्या. मी एवढी वर्षं धरून ठेवलं, ते तुझ्या पुस्तकासाठी सोडू?” आवाज चढला नव्हता. “अडसराचं तेवढं नीट कर. चुकीचं दार छापलेलं बरं दिसत नाही.”

“पण वाचून तरी दाखवू दे.”

“एकदा वाचलंय मी,” दादा म्हणाला. “पुरे झालं.”

पुतणी चहा घेऊन आली. दोघे भाऊ चहा प्यायले. आलं जरा जास्तच झालं होतं, आणि दोघांनीही चांगला झालाय म्हटलं.

सोमवारी मास्तरांनी छापखान्यात फोन केला. सतराव्या प्रकरणातून किल्लेदारीच्या वचनाची दोन पानं काढायची, बहिणीचं थुंकणं काढायचं, आणि अडसराच्या जागी दिंडी करायची, एवढंच सांगितलं.

“मग त्याने का उघडलं ते वाचकाला कसं कळायचं?” छापखानेवाला म्हणाला.

“नाही कळणार.”

“सर, तुमचं सगळ्यांत तगडं पात्र आहे ते. कच्चं राहील.”

“राहू द्या.”

फोन ठेवल्यावर त्यांनी डब्यातून एक कोरी चिठ्ठी काढली आणि तिन्ही उत्तरं एकामागून एक लिहिली. तिसरं लिहिताना पेन थांबलं नाही. मग चिठ्ठी वाचली, तिचे बारीक तुकडे केले आणि खिडकीच्या वाऱ्याने उडतील म्हणून नीट गोळा करून कचऱ्यात टाकले. वाचनालयांच्या फळ्यांवर आणि लोकांच्या घरांत जुन्या आवृत्तीच्या प्रती होत्याच. त्यांत दादा एकटाच अडसर उचलत राहणार होता, आणि बहीण थुंकत राहणार होती. ते कोणालाही परत बोलावता येणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी प्रश्नपेटीने सुधारलेलं पान वाचलं. मनातल्या मनात, ओठ हलवत.

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली. “दिंडी एकट्याला उघडता येते.” मग पेन्सिल चावत थोडा विचार केला. “पण सर, दिंडी तर एकाच माणसासाठी उघडतात. कोणासाठी उघडली?”

“ते पुस्तकात नाही.”

“पण तुम्हाला तर माहीत असेल. तुम्हीच लिहिलंय ना.”

“लिहिलं मीच. पण लिहिताना त्याला विचारलं नाही.”

“का नाही विचारलं?”

चाळीस वर्षांत मुलाच्या प्रश्नाला मास्तरांनी कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. ते डुगडुगत्या खुर्चीत जरा पुढे झाले.

“मला वाटलं, मला माहीत आहे.”

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. नंतर चिठ्ठीवर तिसऱ्या प्रश्नापुढे तिने ‘कोणीतरी आहे’ एवढंच लिहिलं आणि चिठ्ठी इतरांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली.

चार वाजता मास्तर दादाकडे गेले. आता ते रोज जात, वर्तमानपत्र घेऊन. दादाला बातम्या ऐकायला आवडत. अग्रलेख आला की तो म्हणे, हे राहू दे, पुढचं वाच. जिन्यात पावलं वाजली की वरून मान तिरकी होई.

“धाकट्या? ताप-बीप नाही ना?”

इतकी वर्षं ते या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन पुढे सरकले होते. त्या दिवशी ते दारातच थांबले. काहीतरी म्हणावं असं फार वाटलं. पण जे म्हणायचं होतं ते बावीस वर्षांपूर्वी म्हणायचं होतं, डोळे होते तेव्हा, हातात कव्हर घातलेलं पुस्तक नवं होतं तेव्हा.

“नाही, दादा,” ते म्हणाले आणि स्टूल ओढून त्याच्या खुर्चीला लावलं. “उतरला.”

दादाने हात पुढे केला, चाचपडत त्यांचं मनगट शोधलं आणि दोन बोटं टेकवून क्षणभर खात्री करून घेतली.

“बरं,” तो म्हणाला. “वाच.”